चोवीस पटीचा स्कोप

बंदुकीवर बसवायची दुर्बीण, म्हणजे स्कोप, घ्यायचं ठरलं तेव्हा घरात माणसं चार होती आणि मतं पाच. पाचवं मतही संताजींचंच होतं.

"बाबा, मी शीट केलंय," जावई यशोवर्धन लॅपटॉप फिरवत म्हणाला. हा पुण्याचा, नोकरीला इकडे महादेवपुऱ्यात, आयटीत. वांगी आणायची तरी आधी तक्ता करणारा. "अकरा स्कोप, नऊ कॉलम. तुमच्या छर्‍याच्या गनला चार पटीचा इनफ आहे."

"चार पट?" संताजी उखडले. "चार पट तर माझा नुसता डोळाच बघतो! बोम्मसंद्राच्या कारखान्यात तीस वर्षं बेअरिंगं तपासलीत मी. केसाएवढा चरा दिसायचा."

"अप्पा," मुलगी भव्या म्हणाली, "काल तुम्ही दुधाच्या पिशवीला मांजर समजून हाकललंत."

"ती हलली."

"वाऱ्यानं."

सोयराबाईंनी नवऱ्यापुढे कॉफी ठेवली ती बरोबर त्याच्या हाताला लागेल अशी. एवढंच.

चष्मा लावायचा नाही, हा संताजींचा हट्ट. आणि यंदा जिंकायचं, हा त्याहून मोठा. दसऱ्याला सकाळी समाजाच्या हॉलमागे बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाला दोऱ्यानं लिंबू टांगायचं. घरटी एक माणूस, छर्‍याची बंदूक, तीस पावलं, एकच छर्रा. लिंबू पाडेल त्यानं बन्नीची पहिली फांदी तोडायची, मग बाकीच्यांनी सोनं लुटायचं. दोघांनी पाडलं तर मान गेल्या वर्षीच्याच घरचा. एका घरानं सलग बारा वर्षं लिंबू पाडलं की तो मान कायमचा त्या घरचा. मग लिंबूही नाही, नेमही नाही. संताजींचा चुलतभाऊ खंडोजी याची अकरा झाली होती.

म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

दुकानदार शिवकुमार समजूतदार माणूस. "कोणती गन, सार?"

"स्प्रिंगची."

"मग हा घ्या. स्वल्प लहान आहे, पण जवळचं स्वच्छ दिसतं."

संताजींचं लक्षच नव्हतं. वरच्या फळीवर हातभर लांब, काळाभोर, नागासारखा एक स्कोप पडला होता. तो त्यांनी दारात नेऊन डोळ्याला लावला.

आणि रस्ता गप्प झाला. हॉर्न वाजत होते, पण त्या गोलाच्या आत काहीच वाजत नव्हतं. पलीकडच्या हॉटेलात इडलीची वाफ उठत होती, सावकाश, कुणी चादर झटकावी तशी. थांबलेल्या बसमध्ये एक माणूस खिडकीला डोकं टेकून झोपला होता. त्याच्या नाकावर तीळ होता. तिळावर माशी होती. माशी पाय चोळत होती.

"हाच," संताजी म्हणाले.

"सार, हा चोवीस पटीचा. लांबचा आहे. तीस पावलांवर सगळं धुकं दिसेल. आणि एकदा बसवला की काढायचा नाही हां! काढून परत लावला की नेम सरकतो. परत चार छर्रे मारून जुळवायला लागतो."

"सरी, सरी," संताजींनी होकार दिला. डोळा अजून माशीवर होता.

धुकंच दिसलं. गच्चीच्या टोकाला टांगलेलं लिंबू म्हणजे पिवळट ढग. चिडून त्यांनी नळी जरा वर उचलली, तर तीन गच्च्या पलीकडे विद्याअक्का स्वच्छ दिसली. हातात ओला परकर आणि दोन्ही हात वर.

दोन मिनिटांत तिचा फोन आला. सोयराबाई जिना चढून आल्या. "अहो, बायकांवर बंदूक धरता?"

"बंदूक कुठे? स्कोप धरला."

"आणि तो कशावर बसलाय?"

त्याच क्षणी स्कोप बंदुकीवरून उतरला. मग तो रोज उतरायला लागला. सकाळी नेमासाठी चढायचा, आणि छर्रा भरायच्या आत खालून हाक यायची.

"अहो, बघा तरी, पाण्याचा टँकर कुठवर आलाय?"

"चौथ्या क्रॉस रोडला. वळला. नाही, नाही, फसवलं! पाचव्यात शिरला!"

हे गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवसापासून खाली घागरी घेऊन लोक उभे. "संताजी अण्णा, टँकर?" तिसऱ्या दिवशी तर विद्याअक्काच आली, परकर विसरून. "अण्णा, माझ्या मुलाची स्कूलबस दिसते का बघा की." संताजींना आयुष्यात एवढा मान कुणी दिला नव्हता. नेमाचा मात्र पत्ता नाही. छर्‍यांची डबी उघडलीही नव्हती.

दोन टँकरांच्या मधे ते नुसते बघत बसायचे. घारी बघायचे. विमानाच्या खिडक्या मोजायचे. एक ढग जे. पी. नगरवरून निघाला की तो पार विरघळेपर्यंत त्याच्याबरोबर जायचे. सोयराबाई जेवायला बोलवायच्या तेव्हा ते कुठल्या तरी ढगाच्या काठावर पाय सोडून बसलेले असायचे.

अशाच एका सकाळी गोलात खंडोजीची गच्ची आली.

"सापडलास!" संताजी पुटपुटले. आता शत्रूचा सराव कळणार.

सराव नव्हताच. खंडोजी कॉफीचे दोन पेले घेऊन आला. एक स्वतःपुढे ठेवला, एक कुंडीपुढे. कुंडीत एक फांदी खोचलेली. गेल्या दसऱ्याची, पहिल्या मानाची. बायकोनं, कस्तुरीनं, हौसेनं लावली होती. "मूळ धरेल बघा," असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती. कस्तुरी श्रावणात गेली. फांदी तर त्याच्याही आधी वाळून सरपण झाली होती. खंडोजीनं तिला पाणी घातलं. मग नखानं साल जराशी खरवडली, आत हिरवं आहे का बघितलं, आणि आपला पेला उचलला. दुसऱ्या पेल्यातली वाफ संपेपर्यंत तो तिथंच बसला.

चार दिवस संताजींनी हेच बघितलं. पाचव्या दिवशी खाली येऊन सोयराबाईंवर खेकसले, "कॉफीत साखर नाही!"

"तुम्हीच सोडलीत की. मार्चमध्ये."

त्या दिवशी त्यांनी ठरवून टाकलं. हरायचं. मान खंड्याच्या घरी जाऊ दे कायमचा. दरवर्षी एक ओली फांदी तरी मिळेल त्याला. घरात मात्र चकार शब्द काढला नाही, कारण भव्यानं अर्धं ऑफिस बघायला बोलावलं होतं. आणि हरणं काय अवघड? अकरा वर्षांचा अनुभव होता.

खंडेनवमी आली. सोयराबाईंनी पाट मांडला. बंदूक पुजली, स्कूटर पुजली, मिक्सर पुजला. यशोवर्धनचा लॅपटॉप पुजला, तर कॅमेऱ्यावर कुंकू बसलं आणि मीटिंगमध्ये त्याचा बॉस विचारायला लागला, "आर यू ओके?" मग त्यांनी बंदुकीवर स्कोप बसवायला लावला आणि त्याच्या पुढच्या काचेवर तेलात कालवलेल्या हळदकुंकवाचा सगळा तळवा टेकवला.

"अगं, काचेवर?"

"मग कुठं लावू? डोळा तोच ना त्याचा!"

"पुसतो."

"हात तर लावा! पूजलेलं शस्त्र सोनं लुटायच्या आधी पुसतात होय? काढायचाही नाही तो तिथून."

संताजींनी वाद घातला नाही. हरायलाच तर जायचं होतं. उलट बरंच झालं.

बरं झालं नव्हतं, हे त्यांना दसऱ्याच्या सकाळी तीस पावलांवर उभं राहिल्यावर कळलं. वयानं मोठे म्हणून आधी तेच. डोळा लावला तर आत सगळं लाल. तांबूस धुकं, संध्याकाळच्या ढगात शिरल्यासारखं. छान वाटलं. मग घाम फुटला. लिंबू चुकवायचं तर लिंबू कुठं आहे ते कळायला नको?

"यशोवर्धन," ते ओठ न हलवता म्हणाले, "लिंबू कुठाय?"

"समोरच आहे, बाबा! यू गॉट धिस!"

लाल धुक्यात एक काळपट पट्टा दिसत होता. ते झाडाचं खोड. लिंबू खोडापासून हातभर बाजूला टांगतात, हे पोरालाही ठाऊक. म्हणजे खोडावर मारलं की काम झालं. संताजींनी खोडाच्या बरोब्बर मधोमध नेम धरला, मनात म्हणाले, "घे रे खंड्या," आणि चाप ओढला.

टक्!

स्प्रिंगचा झटका बसला, स्कोप भुवईवर आपटला. मग भव्याची किंकाळी.

"अप्पा! पडलं!"

"काय पडलं?"

"लिंबू!"

शिवकुमारनं सांगितलं होतं, नेम सरकतो. सरकला होता. बरोबर हातभर.

बाकी घरांचे छर्रे चुकले, आता उरला खंडोजी. नवीन लिंबू बांधलं. त्यानं पाडलं तर त्याची बारा पुरी झाली असती. अकरा वर्षांत ज्याचा छर्रा चुकला नाही, तो माणूस साधी, स्कोप नसलेली बंदूक घेऊन उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. आणि छर्रा लिंबापासून दोन हातांवर, मागच्या वाळूच्या पोत्यात गेला.

"वारा होता," खंडोजी म्हणाला.

झाडाचं पानही हलत नव्हतं.

ढोल वाजले. संताजींनी पहिली फांदी तोडली. भुवईवर टेंगूळ, चेहरा लालबुंद. लोकांना वाटलं आनंद झालाय. ते रागानं तडक खंडोजीकडे गेले आणि फांदी त्याच्या हातात कोंबली.

"घे! कुंडीत लाव. ती जुनी टाक आता, सरपण झालंय तिचं."

खंडोजीनं फांदीकडे बघितलं. मग भावाकडे.

"कुंडी तुला कशी ठाऊक, अण्णा?"

संताजी भुवईवरचं टेंगूळ चोळायला लागले.

"राहू दे," खंडोजी म्हणाला. "तू सरावाच्या वेळी ढग बघत बसतोस, हे मला कसं ठाऊक, ते तरी कुठे विचारलंस? अकरा वर्षांत तुला हसताना बघितलं नव्हतं. गच्चीवर बघितलं."

"म्हणजे तूपण? शिवकुमारकडूनच?"

"हो. बत्तीस पटीचा."

"बत्तीस?" संताजी ओरडले. ढोल थांबले. "मला दाखवलाच नाही त्या लबाडानं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी काच पुसून संताजी गच्चीवर गेले. गोलाच्या आत खंडोजी बसला होता, शेजारी कुंडी, कुंडीत ओली फांदी. त्याच्याही डोळ्याला काळं नळकांडं होतं आणि ते थेट इकडेच वळलेलं. पेले आजही दोनच होते. खंडोजीनं दुसरा पेला उचलला, संताजींच्या दिशेनं धरला आणि हातानं खुणावलं, ये.

संताजी स्कोप कठड्यावर ठेवून जिना उतरले, चपला घातल्या आणि चालू लागले.

त्या दिवशी टँकर चौथ्या क्रॉसला आला, वळला आणि निघून गेला. गल्लीला कुणी सांगितलंच नाही.