महादेवीअक्कांचं विशेषण

आमच्या शेजारच्या महादेवीअक्का भाजीवाल्याला 'घर्षणजन्य' म्हणायच्या. ही कसली शिवी, हे त्या बिचाऱ्याला कधी कळलं नाही.

अक्का अठ्ठावन्नच्या. सोलापुरात आमच्या गल्लीत कडक भाकरी विकतात आणि रागावल्या की कानडीत शिरतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीचा घाट घातला. पहिल्या खेपेला विज्ञानात आपटल्या. मग रोज संध्याकाळी पुस्तक घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. मी मराठीचा निवृत्त शिक्षक. विज्ञान मलाही बेताचंच. म्हणून मी शब्द फोडून सांगायचो.

"घर्षण म्हणजे घासणं. जन्य म्हणजे त्यातून निपजलेलं."

हा शब्द अक्कांना फारच आवडला. अडकणारा दरवाजा घर्षणजन्य, चावणारी चप्पल घर्षणजन्य, घासाघीस करणारा भाजीवाला तर पक्का घर्षणजन्य.

"अक्का, ते विशेषण आहे. घासून जे निपजतं, त्यालाच लावायचं."

"बरं की. मग चप्पल न्हाय, चपलेनं आलेला फोड घर्षणजन्य."

असं उदाहरण मला सुचलं नसतं.

विज्ञानाच्या तोंडी परीक्षेला मी सोबत गेलो. दाराबाहेर सगळं ऐकू येत होतं. परीक्षक तरुण होते, घाईत होते.

"मावशी, घर्षणजन्य म्हणजे गरम, एवढं म्हणा आणि जा."

"न्हाय साहेब. गरम तर तवाबी हुतो, पण जाळानं. जात्यातनं पीठ कोमट पडतंय, ती घर्षणजन्य उष्णता. जात्याची दगडी पाळी झिजती, ती घर्षणजन्य झीज. नुसतं घर्षणजन्य म्हणून थांबायचं न्हाय, म्होरं नाम पायजे."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बसा, मावशी. अजून सांगा."

निकालाच्या दुपारी गल्लीत हलगी वाजली. अक्का विज्ञानात बासष्ट गुणांनी पास. त्यांनी घरोघर भाकरी आणि शेंगाचटणी वाटली, भाजीवाल्याला दुप्पट.

संध्याकाळी ठरल्या वेळी त्या आमच्या दारात उभ्या. हात रिकामे. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा पुण्याला. घरात दुसरं माणूस नाही.

"काय झालं, अक्का?"

"काय न्हाय, सर. पास तर झाले. आता रोज हितं यायला काय निमित्त काढू, ते इचारायला आले."

बायकोनं त्यांच्यासाठी चहा ओतला आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

"अहो, बारावीचे फॉर्म कधी निघतात, बघा जरा."