पोशीर-चौक जाबसालाची फत्ते

श्रीगजाननास वंदन, पोशीरच्या गावदेवीस नारळ, आणि ऐकणाराच्या कानांस दंडवत, की या हकिकतीत मेहनत त्यांसच फार आहे. शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, भात झोडून कणग्या भरलेल्या, ऐशा सुदिनी पोशीर मुक्कामी पोशीरकर आणि चौककर या उभय दौलतींमध्ये थोर संग्राम जाहला. तलवार उपसली नाही, काठी उचलली नाही, परंतु जिभांची पार लक्तरे जाहली. कारण लढाईचे एकच, की समोरच्याने काही विचारिले तर आधी जबाब द्यावा, की आधी त्याचे बोलणे पुन्हा बोलून मग जबाब द्यावा. हसू नये! याच एका कलमावर एका पोरीचा संसार टांगला होता.

ती पोरगी म्हणजे राजश्री भिवाजीराव पोशीरकर यांची धाकटी कन्या बायजा. मागल्या वर्षी गावच्या भातगिरणीचे इंजिन रुसून बसले, तेव्हा हमरस्त्यावरच्या चौक गावाहून नागू मिस्त्री नामे तरणाबांड कारागीर दुरुस्तीस आला, आणि कोपरापर्यंत ग्रीसमध्ये बुडाला, आणि बायजेने त्यास तांब्याभर पाणी दिले, आणि तो घटाघटा पिऊन म्हणाला, "पानी गोड हाय." इतकेच. पुढे इंजिन चालू जाहले आणि बायजेचे डोके बंद पडले. तिने आईच्या, म्हणजे अंबाबाईसाहेबांच्या, मागे टुमणे लाविले, आणि अंबाबाईंनी नवऱ्याच्या मागे लाविले, मग कुठे ही बैठक ठरली. परंतु भिवाजीरावांचा हुकूम कडक, की आज सुपारी फुटली तर फुटली, नाही तर येत्या गुरुवारी वांगणीचे दुसरे स्थळ बोलावणार. त्या वांगणीकर नवऱ्यास बायजेने एकदा लांबून पाहिले होते, आणि तेवढे पाहणे तिला जन्मभर पुरेसे होते.

इकडे चौकाहून नागूचे मामा, सरलष्कर येसाजीराव गॅरेजवाले, टेंपोत माणसे भरून कूच करिते जाहले. कर्जतास चहा घेतला, नेरळास पाने घेतली, आणि उन्हे चढता पोशीरच्या वेशीस भिडले. टेंपोस पुढचे दिवे नव्हते. साऱ्या हमरस्त्याच्या गाड्यांस दिवे लावून देणारा हा बहाद्दर, पण घरच्या टेंपोचे दिवे उद्या बघू, उद्या बघू म्हणता दोन पावसाळे गेले. म्हणोन सूर्य माथेरानच्या डोंगराआड जाण्याआधी माघारी फिरणे त्यांस भाग होते.

आता उभय दौलतींची रीत ध्यानी घ्यावी. पोशीरास पूर्वी एका बांधाच्या तंट्यात कोणी भर सभेत आपलेच बोलणे नाकबूल केले, तेव्हापासून गावात दस्तूर पडला, की आधी समोरच्याचे बोलणे पुरते उचलावे, मग खाली आपला जबाब ठेवावा. न उचलील तो उर्मट. चौकाची गोष्ट निराळी. तेथे ट्रकवाला इंजिन चालू ठेवून ओरडतो, की टायर मिळेल काय, आणि तुम्ही त्याचेच बोलणे त्यास ऐकवीत बसलात तर तो खंडाळ्यास पोचतो. म्हणोन तेथे जबाब आधी, सर्वांच्या वर. बाकीचे, दम उरला तर.

बैठक बसली. भिवाजीरावांनी अदबीने विचारिले, की वाटेत त्रास तर नाही ना जाहला. येसाजीराव म्हणाले, "नाय."

झाले! पोशीरच्या गोटात भुवया चढल्या. नुसते नाय? ना शेंडा ना बुडखा? आमचे बोलणे काय वाऱ्यावर सोडले? आतून दाराआड उभ्या बायजेने कपाळास हात लाविला. मग येसाजीरावांनी विचारिले, की लग्न कोणाच्या दारी लावायचे, आणि भिवाजीराव सावरून बसले आणि म्हणाले, की वाटेत त्रास तर नाही ना जाहला असे आम्ही विचारिले, त्यावर नाय असे तुम्ही म्हणालात, आणि मग लग्न कोणाच्या दारी असे तुम्ही विचारिले, तर त्यावर आमचे म्हणणे, आमच्या दारी. चौककर एकमेकांकडे बघू लागले. त्यांस वाटले, हा गृहस्थ आमच्या नकला करतो!

पुढे काय सांगावे! प्रत्येक जबाबाच्या पोटात मागले सारे जबाब, आणि त्यांच्या पोटात त्यांच्याही मागले. वरातीस माणसे किती, या साध्या कलमाचा जबाब सुरू जाहला तेव्हा चहा गरम होता, आणि संपला तेव्हा त्यावर साय धरली होती. त्यात पोशीरचे वडीलधारे चांगोआजा उठले, आणि आरंभापासून सारे बोलणे एक अक्षर न गाळता उचलिले, आणि चौककर कान टवकारून बसले, की आता काही नवे निघेल, आणि आजा शेवटी म्हणाले, "तर मलाबी पटतं," आणि खाली बसले. येसाजीरावांनी टोपी काढून डोके खाजविले.

आणि अंबाबाईंची तिसरीच तऱ्हा! त्यांस ना वर जबाब देणे ठाऊक, ना खाली. कोणी एक वाक्य बोलू लागला की त्या माजघरातून त्याच्या मधोमध जबाब खोचीत. बँड कर्जतचा, इतके येसाजीराव म्हणतात तो आतून, "कर्जतचा नगं रं बाबा!", आणि आणायचा म्हटला तर, इतक्यात, "आनू नगाच!" एक बोलणे, त्यास सतरा ठिगळे. बायजा आईचा पदर ओढून म्हणाली, "आये, गप गं, माझं लगीन मोडशील," आणि तिच्या डोळ्यांत खरेच पाणी आले. ज्या माणसासाठी वर्षभर झुरले, तो ओटीवर हातभर अंतरावर बसला आहे, आणि हे म्हातारेकोतारे बोलण्याच्या तऱ्हेवरून त्यास उठवून लावणार, या विचाराने तिला रडू आणि संताप एकदमच आला. नागू दिवसभर मुका बसला होता. मान खाली, कान मात्र जागेवर.

उन्हे कलली. सुपारी फुटल्यावाचून पंगत नाही, सबब वालाचे बिरडे चुलीवर आटत चालले. शेवटी येसाजीरावांचा तोल गेला, आणि ते उभे राहिले, आणि टेंपो काढण्याचे फर्मान सोडिले, की येथे पोरगी देण्याघेण्याचे बोलणे नव्हे, पोपटांची शाळा चालली आहे. भिवाजीराव लाल जाहले, आणि त्या रागातही आधी 'पोपटांची शाळा' हे बोलणे उचलूनच त्यांनी जबाब दिला, की जेथे माणसाचे ऐकून घेत नाहीत तेथे आमची पोर नांदणार नाही.

इतक्यात बायजा पाण्याचे तांबे घेऊन बाहेर आली, कारण पाहुणा रागाने का होईना, पाणी पिऊनच जावा. येसाजीरावांनी वैतागून तिलाच विचारिले, "पोरी, आमच्या नागूसंगं नांदायचं हाय का गं तुला?"

सारी बैठक पुढे सरकून बसली. पोशीरच्या दस्तुराप्रमाणे पोरीने सकाळपासूनचे सारे उचलावे, आणि मग खाली जबाब ठेवावा. भिवाजीरावांनी मान हलवून खूणही केली, की कर सुरू. बायजेने बापाकडे पाहिले, डोंगराला टेकलेल्या उन्हाकडे पाहिले, नागूकडे पाहिले.

"हाय," ती म्हणाली.

काय त्या पोशीरकरांची अवस्था वर्णावी! चांगोआजांची तंबाखू तळहातावर तशीच राहिली. येसाजीराव मात्र गॅरेजात इंजिन पहिल्या फटक्यास लागावे तैसे खूश. भिवाजीरावांचा चेहरा पडला. घरच्याच पोरीने शत्रूची रीत उचलली! त्यांनी दुखावल्या सुरात नागूस विचारिले, "आनि पाव्हनं, तुमचं काय?"

नागू उठला. हात जोडले. येसाजीराव डोळ्यांनी खुणावीत, की हाय म्हण आणि मोकळा हो. आणि तो गडी बोलू लागला, की वाटेत त्रास तर नाही ना जाहला असे तुम्ही मामांस विचारिले, त्यावर नाय असे मामा म्हणाले, मग लग्न कोणाच्या दारी... अरे बाप रे! एकेक कलम, एकेक ठिगळ, अंबाबाईंचे सतरा जबाब जेथल्या तेथे, चांगोआजांचे "मलाबी पटतं" सुद्धा! येसाजीरावांनी दोनदा त्याचा सदरा ओढला, तो थांबला नाही. सूर्य माथेरानच्या आड गेला, टेंपो गेला बाराच्या भावात, आणि माजघरातून अंबाबाई, देवीची शपथ, एकदाही मधे बोलल्या नाहीत. भिवाजीरावांच्या डोळ्यांस धारा लागल्या, की सकाळपासून आपले कोणी इतके ऐकिले होते तर!

मग नागूने बायजेकडे पाहिले. तो म्हणाला, "तवा बायजा म्हनली, हाय. तर त्यावर माझं म्हननं, हाय."

आता चौककरांच्या गोटात भुवया चढल्या. पोशीरची रीत, आणि आपल्याच पोराच्या तोंडी! परंतु तक्रार कोणत्या तोंडाने करावी? दोन्ही दौलती आपापल्या घरच्यांकडूनच हरल्या होत्या. चांगोआजांनी अडकित्ता चालविला, सुपारी फुटली, मग पंगत बसली, आणि चौककरांनी रात्रीचा मुक्काम पोशीरासच केला. बायजा वाढावयास आली ती नागूच्या पानात बिरडे वाढताना पदर तोंडात धरून इतकी हसली की डाव हातात डगडगू लागला, आणि तोही हसला, आणि ठसका लागून त्याने पाणी मागितले.

येणेप्रमाणे जाबसालाची मोहीम तडीस गेली. फत्ते पोशीरची नव्हे, चौकाचीही नव्हे. फत्ते बायजेची, ऐसे दोन्ही गावच्या पंचांसमक्ष नमूद केले असे.