बंद पाकिटं

सोनकांबळे गुरुजी च्युइंगमची पाकिटं विकत घेत, पण फोडत नसत. आत क्रिकेट खेळाडूचा फोटो असलेली ही पाकिटं वारंगा फाट्यावरच्या पानपट्टीत मिळायची. फोटोसाठी घेतात म्हणावं, तर फोटो बघायचे नाहीत. गमसाठी म्हणावं, तर दात निम्मे गेलेले.

मी कळमनुरीच्या शाळेत नवा मास्तर, राहायला त्यांच्या शेजारी. कोणी परगावी निघालं की गुरुजींचं एकच, "पाकीट आना. पन फोडू नका, बराबर?" एकदा हेडमास्तरांनी नांदेडहून आणलेलं पाकीट कौतुकानं फोडूनच हातात दिलं. गुरुजी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

बरं, क्रिकेट आवडावं, तर रेडिओवर कॉमेंट्री लागली की हे उठून बाहेर.

"गुरुजी, तुमचा आवडता खेळाडू कोणता?" मी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं! बॉल नुसता अडवला तरी लोक टाळ्या वाजवून राहिले."

माझं तर डोकंच चालेना.

एका उन्हाळ्यात पाकिटं ठेवलेल्या त्यांच्या ट्रंकेत मुंग्या शिरल्या. आम्ही दोघांनी सगळी पाकिटं अंगणात सतरंजीवर पसरली.

"फोडून टाका आता," मी म्हणालो. "फोटो तरी वाचतील."

गुरुजींनी एक पाकीट सतरंजीवर सरळ केलं. मग हळूच म्हणाले, "ती फोडायची."

ती म्हणजे त्यांची बायको. मी गावात यायच्या आधीच वारली होती.

"तिला लई नाद क्रिकेटचा. रेडिओला कान लावून बसायची. पाकीट मी आनायचो, फोडायची ती. ह्यो कोन, काय खेळतो, समदं सांगायची. मी आपला व्हय व्हय करायचो. आता फोडलं तर कोन निघालं, ते सांगनार कोन?"

"मी सांगतो ना."

गुरुजींनी एक पाकीट उचलून अलगद फोडलं. उन्हानं गम वितळून फोटोला चिकटला होता. तो सोडवताना नाव गेलं, चेहराही गेला. उरली पांढरी टोपी आणि एक कान.

"कोन हाय?"

मी फोटो उलटासुलटा करून पाहिला. एखादं नाव ठोकून द्यावंसं वाटलं, पण जीभ रेटेना.

"नाही ओळखू येत, गुरुजी."

"तुमालाबी न्हाई?" गुरुजी चक्क हसले. सतरंजीवर सरकून त्यांनी माझ्यासाठी जागा केली आणि दुसरं पाकीट माझ्या हातात ठेवलं.

"हे तुमी फोडा."