दोन यंत्रं आणि एक हट्टी होडी

पनवेलमध्ये डॉक्टर पुरेसे आहेत, वकील नको तितके आहेत, पण गुप्तहेर एकच आहे. तो म्हणजे मी, धर्मराज मोकल. लोक मला जकात नाक्यावरचा कारकून समजतात आणि मी समजू देतो, कारण गुप्तहेराचं पहिलं कर्तव्य गुप्त राहणं. ते मी इतकं चोख पाळलं आहे की आजवर कोणी तपास घेऊन माझ्याकडे फिरकलं नव्हतं. माझी नजर मात्र अशी की गाडीवान माल लपवून नेत असेल तर मला चालीवरून कळतं. बैलाच्या, गाडीवानाच्या नव्हे. मेव्हणा कमळाकर माझा सहायक. भिंग धरणं, छत्री धरणं आणि गप्प बसणं ही कामं मी त्याच्याकडे दिली आहेत. पहिली दोन तो बरी करतो.

सत्तावन्न सालची गोष्ट. वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कोळीवाड्यातला काशिराम नाक्यावर आला. त्याची होडी डागडुजीसाठी किनाऱ्यावर चढवलेली होती. पूर्वी होडी पाण्यात लोटायची म्हटलं की अख्खा कोळीवाडा दोराला लागायचा. आता तरणी पोरं मुंबईला गोदीत गेली होती आणि मागे म्हातारे आणि त्यांचे सल्ले उरले होते. म्हणून काशिरामनं भगवानशेठच्या लोखंडी सामानाच्या दुकानातून हातविंच घ्यायचं ठरवलं. दांडा पुढेमागे करायचा, दातेरी चाकावर तार गुंडाळत जाते आणि खिट्टी तिला परत सुटू देत नाही, असं ते यंत्र. शेठकडे छोटं हिरवं होतं आणि मोठं काळं होतं. आधी वापरून बघा, पसंत पडेल ते ठेवा, असं शेठ म्हणाले होते.

हिरवं लावून पाहिलं, तर होडी जागची हलली नाही. आता यंत्र खोटं की आणखी काही, हे काशिरामला कळेना. होडी चढवली होती तिथवर पाणी फक्त उधाणाला येतं. उद्या दुपारची भरती चुकली की पुढच्या उधाणापर्यंत पाऊस दारात, म्हणजे मोसम गेलाच. मग आपल्यालाही गोदीत जावं लागेल, पण हे आईला अजून सांगितलेलं नाही, असं तो खाली बघत म्हणाला. मला वाईट वाटलं. आनंदही झाला, कारण अखेर कोणीतरी तपास आणला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही खाडीवर पोचलो. होडीवर उन्हासाठी नारळाचे झाप घातलेले होते. पूजा झाल्याखेरीज त्यांना हात लावायचा नाही, असं काशिरामच्या आईनं, गुणाबाईनं, बजावून ठेवलं होतं. ती पलीकडे जवळा वाळत घालत होती. शेठ काळं यंत्र घेऊन बैलगाडीनं आले होते.

मी हिरव्या यंत्राचं चाक भिंगातून पाहिलं आणि ते बनावट असल्याचं जाहीर केलं. दाते फार सारखे होते. खरी वस्तू इतकी सारखी नसते. शेठ चिडले, पण गुन्हेगार चिडतातच.

मग काळं यंत्र पाण्याजवळच्या खुंट्याला बांधलं. काशिराम दांडा मारू लागला, तार ताणली गेली, काहीतरी सरकलं. मी टाळी वाजवली. सरकला तो खुंटा. तो मातीतून उपटून आमच्याकडे निघाला होता. मग यंत्र शेठच्या गाडीला बांधलं. गाडीत सळ्या भरलेल्या होत्या आणि बैल सोडलेले होते. यावेळी गाडी बैलांवाचून चालत आली आणि होडीला येऊन टेकली. जकात नाक्यावरच्या नोकरीत मी असली गाडी पाहिली नव्हती.

आता माझी खात्री पटली की काशिरामच्या एखाद्या वैऱ्यानं होडी खालून जमिनीला खिळवली आहे. मी गुणाबाईची जबानी घेतली. हिरवं यंत्र लावण्याआधी काशिराम जाळं आणायला उरणला गेला होता, तेव्हा होडीजवळ कोणी अनोळखी माणूस आला होता का? ती नाय म्हणाली आणि पुढे काही सांगू लागली. विचारलं तेवढंच सांगा, असा मी दम भरला. कमळाकर म्हणाला, "भाऊजी, झापाखाली काय हाय ते बघूया का?" त्याला मी छत्री नीट धरायला सांगितली.

मी होडीखाली शिरलो. खिळा नव्हता, पण पाठ ओली झाली. म्हणजे खाडीच्या चिखलानं होडी गिळायला घेतली होती. हा नवा सिद्धांत मी खालूनच सर्वांना समजावून सांगितला.

इकडे भरती चढत होती. पाणी गाडीच्या चाकांजवळ आलं तरी होडी तशीच. काशिरामनं दांडा सोडला आणि मटकन खाली बसला.

"आये, आता मी गोदीत जातंय," तो म्हणाला. "होरी इकून टाकू."

गुणाबाई जवळा तसाच टाकून आली. तिनं विचारलं, "यंत्र निवरून झालं का?"

काशिरामनं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते खालून दिसलं नाही.

"मग पानी सोरू?"

तिनं झाप बाजूला सारले. होडी गुडघाभर पाण्यानं भरलेली होती. उन्हात फळ्या आकसतात, फटी पडतात, म्हणून होडी समुद्रात घालण्याआधी तिच्यात पाणी भरून लाकूड फुगवायचं असतं. हे काम दरवर्षी बापाचं. बाप दिवाळीनंतर वारला होता. यंदा ते राहूनच गेलं, असं काशिरामनं गृहीत धरलं होतं. तो उरणला असताना गुणाबाईनं हंड्याहंड्यानं खाडी होडीत आणून ओतली होती.

"सांगितलं का नाय?" काशिराम उठत म्हणाला.

"मना वाटलं, यंत्राची ताकद बघताव. भरलेली होरी वढील तंच चांगलं, नाय का?"

असं म्हणून तिनं तळाचं बूच उपटलं. मी अजून खालीच होतो.

मला बाहेर काढल्यावर बैल जुंपून गाडी पुढे पाण्यात नेली. घाईघाईत नारळ फुटला. भगवानशेठनी हिरवं यंत्र स्वतःच्या हातानं बांधलं आणि सबंध वेळ माझ्याकडे बघत राहिले. काशिरामनं दांडा मारायला घेतला. होडी कुरकुरली, सरकली आणि जणू काही झालंच नाही अशा तोऱ्यात उतरणीला लागली. छोटं यंत्र पुरलं. शेठनी विचारलं, मग कुठलं ठेवायचं? मी म्हटलं, हिरवंच, मी पहिल्यापासून त्याच मताचा आहे.

होडी तरंगू लागली, तेव्हा फळ्यांमधून पाण्याचा एक थेंब आत आला नाही. काशिरामनं वाकून आत हात फिरवला आणि तळहात आईला दाखवला. कोरडा होता. "पुढल्या सालापासून पानी मी भरीन," तो म्हणाला. गोदीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. गुणाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि त्याला म्हणाली, आता वल्ही घे, बघत काय बसलास.

मी ओलाचिंब काठावर उभा होतो. कमळाकरनं विचारलं, भिंग देऊ का? मी नको म्हटलं. काशिराम होडी वल्हवत भर पाण्यात निघाला होता आणि म्हातारी कंबरभर पाण्यात उभी राहून बघत होती. मीही बघत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला कशातही संशयास्पद असं काही आढळलं नाही.