व्याह्यांचा पहिला नंबर

"नंबर लावावा तर या भुजंगानं! माझ्या यादीवर ब्रह्मदेवबी खाडाखोड करू शकत न्हाई!"

मंगळवारी हाटेलात टेबलावर थाप मारून भुजंगराव गरजले आणि चार कपांतला चहा बशीत आला.

कारणच तसं होतं. नायगावच्या बास्केटबॉल संघाला यंदा पन्नास वर्षं झाली. दुसऱ्या गावानं आपल्या उत्तम खेळाडूंची यादी केली असती. नायगावची अडचण अशी, की पन्नास वर्षांत संघ जिंकला चार सामने, आणि त्यातल्या तीन वेळा समोरच्यांचा टेम्पोच वाटेत पंक्चर झाला होता. म्हणून हाटेलातल्या जुन्या प्रेक्षकांनी ठरवलं, सगळ्यांत वाईट दहा खेळाडूंचे नंबर काढायचे, फलक करायचा आणि हाटेलात लावून वर्षभर हसायचं!

माणसं काही कमी नव्हती. एकानं फेकलेला बॉल लिंबाच्या झाडात अडकला होता, तो अजून तिथंच आहे आणि त्यात कावळ्याच्या तीन पिढ्या नांदल्या. पण पहिला नंबर एकमतानं गेला आयटीआयच्या व्यंक्याला. माहूरच्या फायनलला (संघच दोन आले होते, म्हणून फायनल!) हा गडी बॉल घेऊन वाऱ्यासारखा उलट्या दिशेनं सुटला. समोरच्या संघानं अदबीनं वाट करून दिली. व्यंक्यानं आपल्याच जाळीत बॉल टाकला आणि वर नाचला!

दुसरा नंबर किराणावाल्या शरणप्पाचा. तो तिथंच बसला होता. तो भडकला. "चार वर्षं खेळलो, एकदाबी बॉल जाळीत गेला न्हाई, अन् मला दोन नंबर?"

"बस खाली! यादी पक्की!"

भुजंगरावांनी जुन्या फोटोतली तोंडं गोलू फ्लेक्सवाल्याच्या मोबाइलवर धाडली. मथळा फोनवर सांगितला आणि विसरून गेले.

आला रविवार. त्या दिवशी हिमायतनगरचे पाव्हणे घर बघायला येणार होते. भुजंगरावांचा सत्यम आणि पाव्हण्यांची सुकन्या नांदेडला एकाच ऑफिसात. पोरांचं जमलेलं, आयांचंही जमलेलं. राहिला होता फक्त पोरीच्या बापाचा होकार.

"अहो," बायको रुक्मिणबाई म्हणाल्या, "पाव्हणेबी तरुणपणी इथंच आयटीआयला होते म्हणं. बॉलबी खेळायचे."

भुजंगरावांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. "नाव काय पाव्हण्याचं?"

"व्यंकटराव! तीनदा सांगितलं! तुम्ही ऐकता कवा?"

तेवढ्यात गोलूचा फोन. "काका, लावला बगा चौकात! हाटेलात मावंना म्हणून चौकात! दहा बाय आठ! एक नंबरचा फोटो बैलगाडीएवढा केलाय!"

भुजंगराव एका पायात चप्पल, एका पायात रुक्मिणबाईची सपात, असे धावले. त्यांची गल्ली चौकात निघते ती नेमकी फ्लेक्सच्या पाठीमागं. पुढं काय छापलंय ते बघायला वेळ कुठला? साठ वर्षांचा माणूस लोखंडी खांबावर घोरपडीसारखा चिकटला आणि वरची दोरी सोडायला लागला. तोच पुढच्या बाजूला जीप थांबली. भुजंगरावांनी फ्लेक्सवरून मुंडकं काढलं.

"व्याही! वर काय करून राहिले?"

भुजंगरावांनी फ्लेक्सवरून मुंडकं काढलं. खाली टकलावर ऊन चमकवत व्यंकटराव, शेजारी त्यांची बायको सिंधुबाई.

"माफ करा! पोरकटपणा झाला! काढूनच राहिलो!"

"काढता कशाला? लई बेस केलंय!" व्यंकटरावांनी रुमाल डोळ्यांना लावला. "एवढा मोठा फोटो माझ्या लग्नातबी निघाला न्हवता!"

"तुम्हाला... राग न्हाई आला?"

"राग? घरात सांगून सांगून थकलो, कुणी खरं मानत न्हवतं. वाच सिंधु, वाच!"

सिंधुबाईंनी चष्मा लावला. "हार्दिक अभिनंदन! नायगावचे महान खेळाडू. क्रमांक एक, व्यंकटराव."

भुजंगरावांना खांबासकट चक्कर आली. मागं त्यांचे पाय धरायला गोलू आला होता. ते खाली वाकून कुजबुजले, "अरे, मी 'सगळ्यांत वाईट' सांगितलं होतं ना?"

"काका, फ्लेक्सवर कुणी वाईट असतंय का? बारा वर्षं धंदा करून राहिलो. फोटो आला की अभिनंदन! न्हाई तर लोक दुकान फोडतेत!"

वा रे गोलू! भुजंगरावांच्या जिवात जीव आला. पण तो पुरता आत शिरायच्या आधीच शरणप्पा चौकात हजर झाला.

"हे काय छापलं? ही तर वाईटांची यादी! अन् हा एक नंबर! ह्यानं माहूरला आपल्याच जाळीत बॉल टाकला!"

व्यंकटरावांचा रुमाल अर्ध्या वाटेत थांबला. सिंधुबाई नवऱ्याकडं वळल्या. "अहो, तुम्ही तर सांगायचे, तुमच्या बास्केटनं मॅच संपली!"

"मग? संपलीच की!"

भुजंगराव खांबावर लटकलेले आणि सत्यमचं लग्न त्यांच्याहून वर!

"अन् त्यो एक नंबरबी माझा हाय!" शरणप्पा छाती ठोकून म्हणाला. "ह्याचा बॉल जाळीत गेला तर! आपल्या का होईना!"

भुजंगरावांना वाटलं, सुटलो! "हाव हाव! बरोबर हाय शरणप्पाचं! व्यंकटराव, तुम्ही दोन नंबर... न्हाई, दहावा... नावच काढून टाकतो बगा!"

व्यंकटराव कानापर्यंत लाल झाले. "काढता? पस्तीस वर्षांनी मिळालेला पयला नंबर ह्या किराण्याला देता? सिंधु, बस जीपमध्ये! जिथं सोयऱ्याचा नंबर टिकत न्हाई, तिथं आमची पोरगी काय टिकणार?"

आता मात्र भुजंगरावांना वर कुठलं आणि खाली कुठलं तेच कळेना. मान द्यावा तर वाईट म्हणायचं, चांगलं म्हणावं तर अपमान! जीपचं दार वाजलं. पोराचं तोंड डोळ्यांपुढं आलं. भुजंगरावांनी डोळे मिटले आणि अख्ख्या नायगावला ऐकू जाईल अशी बोंब ठोकली, "व्यंकटराव! तुमच्यासारखा नालायक खेळाडू झाला न्हाई अन् पुढं होणार न्हाई! शरणप्पा तुमच्यापुढं लई गुणी!"

जीपचं दार उघडलं. व्यंकटराव उतरले. खांबावरून निसटत आलेल्या भुजंगरावांना त्यांनी कडकडून मिठी मारली. "आता कसं बोलले! सोयरीक पक्की!"

मंडळी वाजतगाजत घरी आली. दारात रुक्मिणबाई डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. बोंब घरापर्यंत नीट पोचली होती. फक्त मिठी पोचली नव्हती. चौकात व्याह्याला नालायक म्हटल्यावर लग्न कसलं आणि पाव्हणे कसले, असं समजून माउलीनं शिरा, भजे, सगळं गल्लीत वाटून टाकलं होतं.

महान खेळाडूंच्या सोयरिकीला तोंड गोड झालं ते चिमूटभर साखरेवर. तीसुद्धा उधार आणली शरणप्पाच्या दुकानातून. आणि त्यानं मापात मारली!