टॉवेलखालचा भाव

बाळूतात्या फ्रीजचेसुद्धा दात बघायचे. म्हणजे दार उघडून आत डोकं घालायचे, रबर ओढून बघायचे, मागच्या पट्टीवरचा नंबर मला वाचायला लावायचे आणि मगच दुकानदाराकडे वळायचे. "हं, पावणं. आता बोला."

जन्मभर त्यांनी बैलबाजारात दलाली केली. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे जण टॉवेलखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबतात आणि सौदा ठरतो. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. वयाने बाजार सुटला, पण तात्यांच्या खांद्यावरचा टॉवेल सुटला नाही.

मी तेव्हा बी.कॉम. होऊन कळंब्यात एका नेट कॅफेत काउंटरवर बसत होतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. गल्लीत मला त्याबद्दल मान होता, म्हणजे लोक मला वीजबिल वाचायला देत. एकदा मी तात्यांना एक साईट दाखवली. वस्तूचा नंबर टाकला, की दहा दुकानांचे भाव एकाखाली एक. तात्या खुर्चीतून उठलेच.

"आरं, हे येडं उघड्यावर भाव सांगतंय की!"

तिथून पुढे गल्लीत कुणी काही घ्यायला निघालं, की तात्या आडवे. "साईट काय म्हणतीया?" माझं इंग्रजी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं, हे उपकार मी विसरणार नाही.

शेजारच्या शोभाताईंचा टीव्ही घ्यायला आम्ही गेलो. दुकानावर 'महासूट' असा फलक. तात्यांनी साईटचा छापील कागद काउंटरवर आपटला. "आदी किंमत फुगवायची, मग सूट द्यायची व्हय? बैलाला पाणी पाजून पोट फुगवत्यात, तसलं हे!" दुकानदार हसला, मग घामेजला, मग साईटच्या भावाला आला आणि वर स्टॅबिलायझरही दिला. आम्ही टीव्ही रिक्षात घालून लग्नाच्या वरातीसारखा गल्लीत आणला. शोभाताईंनी पेढे वाटले.

पेढा घेतला नाही तो फक्त तात्यांच्या बायकोने, मंगलकाकूंनी.

गेल्या दिवाळीत भिशीच्या पैशातून काकूंनी एकटीने सेलमध्ये जाऊन मिक्सर आणला होता. तात्या चारचौघांत म्हणाले होते, "तुला टोपी घातली." काकूंनी मिक्सर खोक्यात भरून माळ्यावर टाकला. त्यानंतर त्या कधी दुकानाची पायरी चढल्या नाहीत. मनगट दुखत असतानाही पाट्यावरच वाटत राहिल्या.

त्या दिवशी मात्र त्या बायकांसमोर म्हणाल्या, "माझ्या मिक्सरचं बी इचारा की तुमच्या साईटला. मला टोपी घातली आसंल, तर भंगारात देते."

"आन् न्हाय घातली तर?"

"ते तुमी ठरवा."

आम्ही कॅफेत गेलो. तात्यांनी मिक्सरचा नंबर तळहातावर लिहून आणला होता. मी टाकला. सगळ्यात स्वस्त दुकानाचा भावसुद्धा काकूंनी दिलेल्या किमतीपेक्षा जास्त.

"पुन्ना टाक."

पुन्हा टाकला. तेच.

"ह्या साईटनं दलाली खाल्लीया."

तिसऱ्यांदाही तेच आलं. तात्यांनी टॉवेलने कपाळ पुसलं. "छाप," म्हणाले.

कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. वाटेत दोनदा खिसा चाचपला. मग म्हणाले, "सारा बाजार वळखला रं. माझ्यापरास मोठा दलाल घरात हुता, त्यो न्हाय वळखला."

गल्लीत बायका वाटच बघत होत्या. शोभाताई ओरडल्या, "तात्या, साईट काय म्हणतीया?"

तात्या सरळ काकूंपुढे जाऊन उभे राहिले. खांद्यावरचा टॉवेल काढला, काकूंच्या उजव्या हातावर टाकला आणि आपला हात आत घातला. टॉवेल हलला. काकू दलालाची बायको. बोटांची भाषा त्यांना नवी नव्हती. आधी त्यांच्या भुवया वर गेल्या, मग पदर तोंडाला गेला. हसत होत्या की आणखी काही, ते मला दिसलं नाही.

"काय ठरलं, काकू?" शोभाताईंना दम धरवत नव्हता.

"टॉवेलखालचं सांगत न्हाईत," काकू म्हणाल्या. मग हळूच तात्यांना, "सोडा की आता. लोकं बघत्यात."

"भाव ठरंपातूर हात सोडायचा नसतोय," तात्या म्हणाले.

भाव तर केव्हाच त्यांच्या खिशात छापलेला होता.