एक धुणं, चार वेष्टनं

ओलावा कुणाचं ऐकत नाही. त्याला नोटीस बजावता येत नाही, त्याची बदली करता येत नाही, आणि तो नेमका कुठून आत शिरला याचा पंचनामा करायला जावं तर पंच गोळा होईपर्यंत तो वाळून गेलेला असतो. इतका बेजबाबदार घटक सरकारी कामकाजात दुसरा सापडणार नाही (दोन-तीन ठेकेदार वगळता). म्हणून आमच्या कार्यालयाने ओलाव्याला वेसण घालण्यासाठी समिती नेमली, आणि मला तिचा सदस्य-सचिव केलं, तेव्हा माझा ऊर भरून आला. चहापाण्याची सोय समितीच्याच खर्चातून होती.

मूळ प्रकरण असं. झरीच्या धुरपदाबाई आणि त्यांच्या बचत गटातल्या दहा बाया कपडे धुण्याची पावडर बनवतात. पावडर चांगली असते (ही बाब अहवालात आलेली नाही, कारण ती आमच्या कार्यकक्षेत नव्हती). आठवडी बाजारात गोणपाटावर ढीग मांडायचा आणि मापाने सुटी विकायची, अशी त्यांची मागास पद्धत. पुढे जिल्ह्यातल्या अठरा वसतिगृहांतल्या दोन हजार मुलींना दर आठवड्याला एका धुण्यापुरती पावडर द्यायचं ठरलं, आणि ते काम या गटाकडे आलं. पुडीत बांधून द्यायची, एवढीच अट होती. बायांनी पुड्या बांधल्या. श्रावण लागला. मुलींनी पुड्या फोडल्या तर आतून पावडरीऐवजी खडा निघाला. एका वसतिगृहातून शेरा आला, 'पावडर घनरूप झालेली आढळली.' काम थांबलं.

आदेश निघाला की आर्द्रतारोधक वेष्टन समितीकडून मंजूर करून घ्या, पुढच्या ऑगस्टअखेर, नाहीतर काम परराज्यातल्या कंपनीला जाईल. धुरपदाबाई मला भेटायला आल्या. दिवाळी झाली की त्या नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊस तोडायला जातात, सोळा वर्षं झाली. पुढच्या वर्षी त्यांच्या साक्षीची दहावी. पोरीला एकटीला घरी ठेवता येत नाही आणि फडावर नेली की शाळा बुडते. पुड्यांचं काम हाती राहिलं तर अकरा घरांतल्या बाया गावातच राहतील, असं त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, काळजी करू नका, समिती नेमली आहे. त्या उठून गेल्या.

समिती तोलामोलाची होती. अध्यक्ष दिनकरराव. बिस्किटाच्या कारखान्यात ते वेष्टन विभागात होते, आणि बिस्किट विरुद्ध ओलावा या लढाईत तीस वर्षं बिस्किटाच्या बाजूने लढले. सेलूच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे शिवशंकर सर दुसरे. ते रेल्वेने येत, त्यामुळे बैठकीची वेळ गाडी ठरवायची. आणखी दोन सभासद सह्यांपुरते होते, पण सह्या वळणदार करायचे. पाचवा मी. महिला सभासदाचं पद रिक्त होतं (योग्य उमेदवार मिळाला नाही).

पहिल्या तीन बैठका एकाच प्रश्नावर झाल्या. एक धुणं म्हणजे किती? सामान्य माणूस सांगेल, जेवढे मळलेत तेवढे. पण अशा ढिलाईवर शास्त्र उभं राहत नाही. शिवशंकर सरांनी गणित मांडलं. सलवार एक नग, कुर्ता एक नग, ओढणी पाव नग, टॉवेल अर्धा, चादर सव्वादोन, उशीचा अभ्रा सहा दशांश. परकराचा विषय निघताच सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि तो सर्वानुमते वगळण्यात आला. मोज्यांची जोडी एक नग की दोन, यावर वरिष्ठ कार्यालयाचं मार्गदर्शन मागवलंय (अद्याप अप्राप्त). शेवटी एक धुणं म्हणजे पाच पूर्णांक सहा दशांश कपडे, असं निश्चित झालं. त्याला पुडी किती ग्रॅमची? वीस. मी ठरावात लिहिलं, 'पुडीचे एकूण वजन वीस ग्रॅम राहील.' त्यात वेष्टनाचं वजन धरायचं नाही, हे लिहायचं राहून गेलं. चूक माझी, मान्य आहे. पण तोवर सह्या झाल्या होत्या, आणि इतक्या वळणदार सह्या रद्द करायचं कुणाच्या जिवावर येईल?

मग चाचणी. नियम असा की पुडी तीन दिवस नव्वद टक्के दमट हवेत ठेवायची. हे ठरेपर्यंत मे उजाडला. परभणीत पारा चव्वेचाळीसवर, हवेत दमटपणा औषधालाही नाही. मी रीतसर पत्र काढलं की चाचणीसाठी ओलावा उपलब्ध करून द्यावा. उत्तर आलं, नळाला दहा दिवसांनी पाणी येतं, ओलाव्याचं नंतर बघू. अखेर टँकर बोलावून माझ्या खोलीतल्या कूलरमध्ये पाणी भरलं आणि पुड्या त्याच्यासमोर मांडल्या. ते तीन दिवस सबंध कार्यालय चाचणीवर देखरेख करायला माझ्याच खोलीत बसून होतं. हजेरी एकशे चार टक्के भरली, कारण रजेवरचे दोघेही आले.

निकाल डोळे उघडणारा होता. नुसत्या कागदाच्या पुडीत एकोणीस ग्रॅम पावडर होती, तिचा खडा झाला. कागदावर प्लास्टिक चढवलं, पावडर सोळा ग्रॅमवर आली. खडा झाला, पण लहान. त्यावर चकचकीत पन्नी चढवली, पावडर राहिली अकरा. खडा आणखी लहान. चौथं जाड आवरण चढवल्यावर वीस ग्रॅममध्ये पावडर चार ग्रॅम उरली, आणि खडा इतका बारीक झाला की तो शोधायला शिवशंकर सरांना चष्मा बदलावा लागला. त्यांनी फळ्यावर आलेख काढून दाखवला. पावडर जितकी कमी तितकं वेष्टन यशस्वी, आणि पावडर शून्य केली तर यश शंभर टक्के. आम्ही सगळे थक्क झालो. दिनकरराव म्हणाले, की तत्त्वतः मान्य आहे, पण खरेदीच्या नियमात पुडीत काहीतरी असावं असा उल्लेख आहे. म्हणून चार ग्रॅमवर थांबलो. आमच्या संयमाची कुणी दखल घेतली नाही, पण ते चालायचंच.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात प्रात्यक्षिक ठेवलं. धुरपदाबाई आणि गटातल्या कमलबाई झरीहून आल्या. एक बादली, एक मळका गणवेश, एक पुडी. धुरपदाबाईंनी आधी गणवेश बुचकळला, तो कुणीही बुचकळेल, आणि ओल्या हाताने पुडी उचलली. पुडी सटकली. पुन्हा धरली, पुन्हा सटकली. कमलबाईंनी पदराने धरून बघितली. पदर ओला झाला, पुडी कोरडीच. मग धुरपदाबाईंनी दातांनी ओढली. चौथं आवरण टिकलं, दात हलला.

दिनकररावांचा चेहरा उजळला. त्यांनी समजावून सांगितलं, की हे अपयश नाही. एका धडधाकट बाईला जिथे शिरता येत नाही तिथे ओलाव्याची काय बिशाद? फक्त पुडीवर सूचना छापायची, 'उघडण्यापूर्वी हात कोरड्या टॉवेलने पुसावेत.' त्यासाठी प्रत्येक मुलीला टॉवेल द्यायचा. शिवशंकर सरांनी बारीक शंका काढली. तो टॉवेलही मळणार, तो धुवायला वेगळी पुडी लागणार, ती पुडी उघडायला वेगळा कोरडा टॉवेल लागणार. त्यांनी तिथेच हिशोब केला. सातव्या आठवड्यात मुली फक्त टॉवेल धूत बसतात, गणवेश कुणी धूत नाही. ही शंका टिपून ठेवण्यात आली.

धुरपदाबाई हे सगळं उभ्यानेच ऐकत होत्या. त्यांनी ओले हात झटकले आणि अध्यक्षांकडे वळल्या.

"सायब, एक विचारू का? तुमच्या घरी पावडर कशात ठिवतेत?"

दिनकरराव म्हणाले, हा प्रश्न विषयपत्रिकेवर नाही. ते खरंच होतं. मग त्यांनी शिवशंकर सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे, मी सह्यावाल्यांकडे. पाच माणसं, सगळी इस्त्रीच्या कपड्यांत, आणि एकालाही ठाऊक नाही.

"घरी पुसून बघा की मग," धुरपदाबाई म्हणाल्या. "आमी थांबतो."

प्रश्न जाहीर बैठकीत आला होता, त्यामुळे माहिती मागवणं भाग होतं. फोन लावले, स्पीकरवर, म्हणजे नोंद घ्यायला बरं. दिनकररावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आधी त्यांना बीपीची गोळी घेतली का ते विचारलं. मग म्हणाल्या, तुपाच्या रिकाम्या डब्यात, मोरीच्या वरच्या फळीवर. कधीपासून? लग्न झाल्यापासून. खडा होत नाही का? तर म्हणाल्या, झाकण लावल्यावर कशाला होईल? शिवशंकर सरांच्या आईंनी सांगितलं, लोणच्याच्या जुन्या बरणीत, आणि संध्याकाळच्या गाडीने येताना कढीपत्ता आणायला बजावलं. एका सह्यावाल्याच्या घरी फोन कुणी उचलला नाही (कपडे धुणं चालू होतं, असं नंतर कळलं). दुसऱ्याची बॅटरी त्याच क्षणी संपली.

राहिलो मी. माझ्या बायकोला, विजयमालाला, आपण स्पीकरवर आहोत हे ठाऊक नव्हतं.

"काय विचारताय हे? रोज बूट घालताना ज्याच्यावर पाय ठेवता, तोच डबा," ती म्हणाली. "आणि येताना पावडर आणा बरं, संपत आलीय. कुठलीही उचलू नका. झरीच्या धुरपदाबाई बसतात ना बाजारात, त्यांच्याकडचीच."

मी फोन बंद केला. माझ्या अंगातला पांढरा सदरा धुरपदाबाईंच्याच पावडरीने धुतलेला होता, आणि जवळजवळ वर्षभर मी ती पावडर कुणाच्याही हाती लागू नये याची व्यवस्था करत होतो. मला लाज वाटली. अगदी खरीखुरी. कमलबाई पदरात तोंड घालून हसत होत्या. धुरपदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सुचवलं, की प्रत्येक वसतिगृहाला झाकणाचा एक मोठा डबा आणि एक चमचा द्या, पावडर आम्ही सुटी आणून भरतो. एक धुणं, एक चमचा.

माणूस म्हणून दिनकरराव वाईट नाहीत. त्यांनी स्वतः मजकूर सांगितला, मी लिहिला, जमल्या सगळ्यांनी सह्या केल्या आणि शिफारस त्याच दिवशी वर पाठवली. दीड महिन्याने उत्तर आलं. डब्याची कल्पना स्तुत्य आहे, परंतु डबा हे एका धुण्याचे वेष्टन नाही, सबब प्रस्ताव नियमात बसत नाही. झाकणाची आर्द्रतारोधक क्षमता तपासण्यासाठी स्वतंत्र समिती नेमावी. दरम्यान मुदत उलटली असल्याने काम कंपनीला देण्यात येत आहे.

कंपनीची पावडर पन्नास किलोच्या गोण्यांतून येते. वसतिगृहात ती डब्यात ओततात, आणि मुलींना चमच्याने देतात.

दिवाळीनंतर मी बाजारात गेलो होतो. धुरपदाबाईंच्या जागी एक माणूस चपला विकत होता. त्याने सांगितलं, झरीच्या त्या बाया उसाला गेल्या, आता उन्हाळ्यातच येतील. पोरीलाही नेलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, तर काय, तिला कुणाच्या भरवशावर ठेवतील? मी मोकळ्या हाताने घरी आलो. हे सगळं कुठे नोंदवावं म्हणून अहवाल पुन्हा उघडला, पण तसला रकाना नव्हता.

तुम्ही आम्हाला हसला असाल. हसा, आमची हरकत नाही. फक्त एक छोटी चाचणी द्या. हे पान इथेच पालथं घाला, उठा, आणि तुमच्या घरात कपडे धुण्याची पावडर कशात आहे, कुठे आहे, ते कुणालाही न विचारता शोधून काढा. ज्यांना बसल्या जागी उत्तर येतं त्यांनी उठायची गरज नाही. त्यांनी हे पान घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्यावं. बाकीच्यांना डबा सापडला नाही तर खट्टू होऊ नये. झाकणाच्या समितीत पाच जागा भरायच्या आहेत. अर्ज करायची गरज नाही, तुमची पात्रता आत्ताच सिद्ध झालेली आहे.